मधल्याचं बिंग

"ताई, मधला आज पेटलाय बघा," लोंढेकाका म्हणाले.

सोमवारचा बाजार होता. आमची गाडी मुंगीच्या चालीने सरकत होती. पुढे कांद्याची पोती, बाजूला शेळ्या, आणि एक बाई चक्क आमच्या बॉनेटला टेकून कोथिंबिरीचा भाव करत होती. लोंढेकाकांनी हॉर्न वाजवला नाही. काच खाली करून ते म्हणाले, "मावशे, गाडी हाय ही, भिंत न्हाई." ती हसली आणि बाजूला झाली.

मी शेजारच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. समोर डॅशबोर्डवर एक लाकडी पट्टी, आणि पट्टीवर ओळीने चार फोन. एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले. फरक एवढाच, की प्रत्येकात वेगळ्या कंपनीचं सिमकार्ड होतं. चौघंही एकाच क्षणी एकच फाइल ओढायचे, आणि कोण सेकंदाला किती मेगाबिट ओढतोय तो आकडा फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवर उमटायचा. हे माझं काम. कुठल्या भागात कुणाचं नेटवर्क किती चालतं, खरं खरं मोजायचं आणि पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं. पुढे त्याचा अहवाल व्हायचा, आणि पहिली आलेली कंपनी त्यावर छाती फुगवून जाहिराती करायची.

गाडीत कंपन्यांची नावं घ्यायची नाहीत असा ऑफिसचा नियम होता. म्हणून लोंढेकाकांनी पहिल्याच दिवशी चौघांचं बारसं केलं. थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. मलाही तीच सवय लागली.

"किती?" मी विचारलं, जणू मला दिसतच नव्हतं.

"अडतीस. बाकीची पोरं दोनच्या वर जाईनात."

मला तिथेच खटकलं. बाजारच्या दिवशी नेटवर्क मरतं, हे शेंबडं पोरही सांगेल. एरवी पाच हजार माणसं जिथे असतात तिथे वीस हजार येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि टॉवर मात्र तेवढेच. तिघं बरोबर मेले होते. मग हा एकटाच कसा उड्या मारतोय?

मी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. बांगड्या विकणाऱ्या एका बाईच्या फोनवर व्हिडिओ चालला होता. तिचं सिम मधल्याच्याच कंपनीचं निघालं.

"रोज असंच चालतं का हो?"

"कुठलं आलंय! सोमवारी मढं असतंय नुसतं. आज काय झालंय काय ठाऊक, सकाळपासनं पळतंय."

मी तशीच गोदामांच्या मागे गेले, आणि तिथे उत्तर उभं होतं. चाकावरचा टॉवर. ट्रकवर खांब चढवलेला, गर्दीपुरता जत्रेत, सभेत आणून उभा करतात तो. खांबावर नवीकोरी पाटी, मधल्याच्या कंपनीची. आम्ही ज्या रस्त्याने जाणार होतो त्याच्या अगदी कानाशी.

ह्याला आज आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. गावांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. सोलापूरकडचे तालुके होते, एवढं पुरे.

बुधवारच्या बाजारात तेच. मधला पस्तीसवर आणि बाकीचे रांगताहेत. ट्रक ह्या वेळी शाळेच्या मैदानात होता. मी बाजूला जाऊन रेगेसरांना फोन लावला. रेगेसर म्हणजे पुण्याचे आमचे साहेब, कमी बोलणारे आणि बोलले की टोचणारे.

"केतकी, कुणीतरी फितूर आहे," ते म्हणाले. "आपण कुठे जाणार हे त्यांना आधी कळतंय. हे असंच छापलं तर आपल्या अहवालाची रद्दी झाली म्हणून समज. मार्ग कुणाकुणाला माहीत असतो?"

"मला. तुम्हाला. आणि लोंढेकाकांना."

"मग मोज की," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मोजलं. आणि एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की काय काय दिसायला लागतं, ते मी त्या दोन दिवसांत बघितलं. हणमंत लोंढे म्हणजे पन्नाशीचा माणूस, शेजारच्याच तालुक्याचा, गाडी एजन्सीमार्फत दीड वर्षं आमच्याकडे. तोवर मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ते चहात साखर जास्त घेतात आणि गाडीत कधी गाणी लावत नाहीत. आता दिसलं, की रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांना फोन येतो. ते उठून लांब जातात. मी जवळ गेले की "बरं बरं, करतो मग" म्हणून बंद करतात. शिवाय रोज विचारतात, "उद्या कुठनं सुरवात, ताई?" हे ते दीड वर्षं विचारत होते. पण मला ते आत्ता ऐकू यायला लागलं होतं.

आणि मग पत्राची गोष्ट झाली.

त्याआधीच्या महिन्यात एका गावात लोकांनी आमची गाडी घेरली होती. चार फोन लावून हळूहळू फिरणारी गाडी, आत अनोळखी बाई. कुणीतरी "पोरं पळवणारी टोळी" म्हणून आवई उठवली. लोंढेकाका खाली उतरून हात जोडून बोलत राहिले म्हणून आम्ही धड सुटलो. तेव्हापासून मी शिस्त घालून घेतली. ज्या गावात जायचं, तिथल्या पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी पत्र द्यायचं. गाडीचा नंबर, आमची नावं, कुठल्या रस्त्याने किती वाजता जाणार, सगळं. मी लॉजवर आकडेवारी लावत बसायचे, लोंढेकाका पत्र देऊन शिक्क्याची पोच घेऊन यायचे. त्या पोचांची माझी एक फाइल होती. मला तिचा केवढा अभिमान!

गुरुवारी दुपारी मी त्यांच्या हातात पत्र ठेवलं तर ते घुटमळले.

"ताई, ह्ये पत्र उद्या सकाळी दिलं तर? निघताना?"

"का?"

"काय न्हाई. आपलं उगंच. आदुगर कशाला कळाया पायजे लोकांना?"

"लोकांना नाही, पोलिसांना कळतं. आणि ते कळायलाच हवं."

"तसं न्हवं..." म्हणून ते थांबले. डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "बरं. देतो आत्ताच."

माझ्या डोक्यात घंटाच वाजली. पोलिसांना आधी कळू नये, असं ह्या माणसाला का वाटतंय? मी ते वहीत तारीख-वेळेसकट टिपून ठेवलं.

सापळा मी बुधवारीच रचून ठेवला होता. शुक्रवारचा बाजार मोठा, गावाच्या दोन टोकांना. उत्तरेला जनावरांचा, दक्षिणेला भाजी-धान्याचा. गुरुवारी लोंढेकाकांना सांगितलं, उद्या आपण फक्त जनावरांच्या बाजारात. मनात मात्र ठरवलं, ऐन वेळी गाडी दक्षिणेला वळवायची. पत्र तेच नेऊन देणार, वाचलं तर सावध होतील, म्हणून पत्रातही जनावरांचाच बाजार लिहिला. एक धागासुद्धा लोंबकळत ठेवला नाही, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी चौकात म्हटलं, "काका, डावीकडे नाही. उजवीकडे घ्या."

"अवो, जनावरांचा बाजार डावीकडं."

"उजवीकडे घ्या."

त्यांनी गाडी वळवली. मी आकड्यांकडे बघत नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भाजीबाजारात चौघंही फोन गपगार पडले. मधला एक पूर्णांक दोन. थोरल्याच्याही मागे.

"मधल्याला आज काय झालं वो?" ते म्हणाले.

"आता जनावरांच्या बाजारात चला."

गेलो. गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे खांब उभा होता. मधला चाळीस.

मला आनंद झाला. हे लपवून काय करू? गणित सुटल्यावर होतो तसा आनंद झाला. मी लॅपटॉप बंद केला.

"काका, किती दिवसांपासून सांगताय त्यांना?"

"कुणाला?"

"नाटक करू नका. आपण इथे येणार हे फक्त तुम्हाला माहीत होतं. मी मुद्दाम खोटं सांगितलं होतं तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माज्यावर नेम धरला व्हय तुमी?" ते हळूच म्हणाले. "दीड वरीस झालं, ताई."

"रोज संध्याकाळी कुणाचा फोन येतो तुम्हाला? लांब जाऊन का बोलता?"

"ते घरचं हाय."

"घरचं बोलायला लांब कशाला जावं लागतं? आणि काल पत्र सकाळी देऊ म्हणालात, ते का?"

बाहेर एकजण बैलाचे दात बघत होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. मला वाटलं आता गयावया करतील, पोराबाळांची शपथ घेतील. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. गाडी सावलीत लावली, किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग पट्टीवरच्या एकेका फोनला बोट लावत म्हणाले, "थोरला, मधला, धाकटा, शेंडेफळ. चारी हायती. बघून घ्या."

रेगेसरांनी एजन्सीला कळवलं. दुपारी दोनला दुसरा ड्रायव्हर आला. लोंढेकाका एसटीने गेले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही सांगितलं नाही.

पुढचा सोमवार. पुढचं गाव, नवा ड्रायव्हर. ह्या वेळी मी फारच सावध. ड्रायव्हरला गावाचं नावसुद्धा रस्त्याला लागल्यावर सांगितलं. आदल्या दिवशी पत्रही स्वतः एसटीने जाऊन दिलं, पोच घेतली. बाजारात शिरलो, मी प्रत्येक वळण तोंडी सांगत होते. डावीकडे. सरळ. आता थांबा.

मधला छत्तीस.

मी लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. छत्तीस. बाकीचे दीड-दोन. नवा ड्रायव्हर बिचारा जांभया देत होता, त्याला चारातला कुठला फोन कुणाचा हेही माहीत नव्हतं.

इतक्यात गर्दी हटवणारा एक हवालदार काचेवर टकटक करून तोंडभर हसला. "या या, मोबाइलच्या ताई! अगदी टायमात आलात की. अकरा म्हणजे अकरा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कालच ग्रुपवर आलंय ना." त्यांनी आपला फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला दाखवलं.

माझं पत्र. माझी सही, ठाण्याचा शिक्का, गाडीचा नंबर, रस्ते, वेळा. फोटो काढून गावच्या शांतता समितीच्या ग्रुपवर टाकलेलं. खाली लिहिलं होतं, "उद्या आपल्या गावी मोबाइल नेटवर्क तपासणारी गाडी येत आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. सर्वांना कळवावे." ग्रुपात दोनशे बारा माणसं. नगरसेवक, व्यापारी, डॉक्टर, आणि दोन-तीन सिमकार्डांचे दुकानदार तर असणारच.

"सगळीकडे असंच टाकतात का हो?"

"टाकावंच लागतं, ताई. नाहीतर लोक गाडी फोडतील तुमची. पत्र दिलंत ते लई चांगलं केलंत तुम्ही."

मी गाडीत बसले आणि फाइल उघडली. प्रत्येक बाजाराची पोच, प्रत्येक पोचेवर आदल्या दिवसाची तारीख. शुक्रवारचं पत्र काढलं. "जनावरांचा बाजार, सकाळी साडेनऊपासून." माझंच अक्षर. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. मी खोटा मार्ग दोन ठिकाणी दिला होता, लोंढेकाकांना आणि पोलीस ठाण्याला. आणि मोजताना एकच ठिकाण मोजलं. मला माझीच लाज वाटली. तिथेच गाडीत रडू आलं.

लोंढेकाकांनी फोन उचलला तो मंगळवारी संध्याकाळी.

"काका, मी केतकी."

"बोला."

मी सगळं सांगितलं. एका दमात.

"तुम्हाला माहीत होतं?" मी शेवटी विचारलं.

"पक्कं न्हवतं. बुधवारच्या गावात चहावाला म्हणला, या, काल तुमचं पत्र आलं मोबाइलवर. मला काय त्या ग्रुपातलं कळत न्हाई. पण पोलिसाला दिलेलं कागुद चहावाल्याला कसं दिसतंय, म्हणून म्हणलं तुमाला, सकाळी द्या."

"मग शुक्रवारी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं, ताई? तुमी सांगितलं. आन् चहावाल्यावर ढकलून मी सुटायचं, ह्ये बी बरं दिसंना."

"रोजचा फोन कुणाचा होता?"

"पोरीचं जमत आलं हुतं. पावण्यांचा फोन यायचा. गाडीत बसून देण्याघेण्याचं काय बोलायचं तुमच्यासमोर? रविवारी सुपारी फुटायची हुती."

"मग?"

"त्यांनी इचारलं, कामावर न्हाई का? मी म्हणलं, काढलं. का काढलं? ते बी सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

"मी लेखी देते, काका. तुमची काही चूक नव्हती म्हणून. त्यांना दाखवा."

"त्येंला कशाला? गावात झालंय, फितूर म्हणून काढला लोंढ्याला. गावाला काय लिहून देणार?"

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याला धरून बसले.

बुधवारी मी पत्र लिहिलं. छापील कागदावर, स्वच्छ मराठीत. हणमंत लोंढे निर्दोष आहेत, मार्ग माझ्याच पत्रामुळे फुटला, त्यांच्यावर आळ मी घेतला, चूक माझी. खाली सही. रेगेसरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ह्याने आपली अब्रू जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, सर. त्यांची गेलीच आहे." शेवटी त्यांनी शिक्का मारायची परवानगी दिली.

गुरुवारी सकाळी आठला मी लोंढेकाकांच्या गावच्या पोलीस ठाण्यात. तिथला हवालदार पत्र वाचून बुचकळ्यात पडला.

"ताई, ह्यात तर तुमचीच चूक लिहिलीय."

"हो. तुमच्या शांतता समितीच्या ग्रुपवर टाका. गाडीचं पत्र टाकता तसं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मग काही न विचारता फोटो काढला आणि पाठवला. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आज बाजार हाय ना," हवालदार म्हणाला. "गुरुवारी सकाळपासनंच मरतंय ह्ये."

मी पर्समधून चारी फोन काढून टेबलावर मांडले आणि एकेक करून लावून बघितले. थोरला, धाकटा, शेंडेफळ मेलेले. मधलाही मेलेला. त्या दिवशी आमची गाडी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, मग चाकावरचा टॉवर तरी कोण आणणार? मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हवालदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"रात्रीपर्यंत जाईल ओ ते, मी बघतो," तो म्हणाला. "पण कागद हातानंच पोचवा. लोंढ्याचं घर मारुतीच्या मागं हाय."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. फोटो संध्याकाळी पोचला, गावाने वाचला, चार लोकांनी अंगठे दिले. ते स्थळ मात्र गेलं ते गेलंच. मुलीचं लग्न नंतर तीन वर्षांनी झालं, मला पत्रिका आली नाही. लोंढेकाका आमच्या गाडीवर परत कधी आले नाहीत, मी दोनदा विचारलं तरी. आमच्या अहवालातून ते सगळे बाजार काढून टाकावे लागले.

त्या सकाळी मात्र मी बाजारातून वाट काढत चालत गेले. लोंढेकाका ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. आत त्यांची मुलगी होती, ती मला बघून दारातून मागे सरली. मी पत्र पुढे केलं. मला वाटलं नव्हतं ते घेतील. त्यांनी हात धोतराला पुसले, पत्र घेतलं, लांब धरून सावकाश वाचलं. ओठ हलत होते. माझ्या सहीपाशी आल्यावर थांबले, घडी घातली आणि टोपी काढून तिच्या आत ठेवली.

"काका, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं, उन्हाकडे, मग माझ्याकडे.

"पत्र सकाळी आणलंत," ते म्हणाले. "बरं केलंत."